पाळण्याचं बारावं कडवं

‘ती आली त्याच आठवड्यात तो का गेला?’

हा प्रश्न धाकट्याने आधी वैदूला विचारला. वैदू झोळी आवरत म्हणाला, ‘‘पान लागल्यावर फार वेळ गेला होता रे.’’ मग देवळातल्या गुरवाला विचारला. गुरवाने समईची वात पुढे सारली आणि त्याच्या हातावर अंगारा ठेवला. मग ठकूआत्याला विचारला. ती म्हणाली, ‘‘सकाळपासून काही खाल्लंस का?’’



डोंगराच्या पायथ्याला बांबूकाम करणाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी सुपं, टोपल्या, दुरड्या विणल्या जात. त्या गावात दोन भाऊ राहत. थोरला शांत होता. धाकटा तापट, जेमतेम दोन यत्ता शिकलेला, मनात आलं की करून मोकळा होणारा. थोरल्याचं लग्न झालं, मुलगी झाली. ती चार दिवसांची असताना थोरला तिच्या पाळण्यासाठी बांबू तोडायला एकटाच डोंगरावर गेला आणि तिथे त्याला पान लागलं. साप चावला असं त्या गावात म्हणत नसत, पान लागलं म्हणत. शोधायला गेलेल्या माणसांनी त्याला खाली आणलं, तेव्हा त्याने तोडलेले बांबूही सोबत आणले. पुढे त्यांचाच पाळणा झाला.

या गावाची एक रीत होती. मूल झालं की त्याच्या बापाने पाळणा रचायचा. बारा दिवसांची बारा कडवी. बारशाला बायका तो पहिल्यांदा गात. बारसं लांबलं तरी पाळण्यात तो बारावाच दिवस. एकदा गायला की पाळणा गावाचा झाला. मग तो कुणीही, कुठल्याही बाळासाठी म्हणावा. रचणाऱ्याला तो परत मागता येत नसे. आणि गावातल्या लेकी लग्न होऊन जात तेव्हा पाळणेही बरोबर घेऊन जात.

ज्याला जमत नसे तो थोरल्याकडे येई. थोरला फार सावकाश रचायचा. विणता विणता एकेक शब्द तोंडात घोळवायचा. एकदा त्याने ‘कूस उजवली’ अशी छान ओळ केली आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

‘‘का रे दादा? चांगली होती की,’’ धाकट्याने विचारलं.

‘‘पाळण्याची दोरी ओढायला शेजारची काकू बसणार आहे. तिला मूल नाही.’’

‘‘एवढं कोण बघत बसतं!’’ असं म्हणून धाकटा हसला होता.

थोरल्याचं सुतक फिटलं. बारसं सव्वा महिन्यावर ठरलं. बाप नाही, तर पाळणा काकाने रचायचा, असं ठकूआत्याने सांगितलं. गावात पाळणे म्हणण्यात तीच पुढे असायची, आणि तिच्यापुढे कुणी ‘नाही’ म्हणत नसे.

धाकट्याने एका दुपारीत बारा कडवी रचली. अकरा कशीबशी झाली, इकडची तिकडची, पूर्वी ऐकलेली. बारावं मात्र आपोआप आलं. छातीत अडकलेलं सगळं त्यात आलं.

‘बाराव्या दिवशी पुसतो बाई,
तू आलीस अन् बाप का नाही?
पाळणा भरला, घर झालं रितं,
सांग गं बाळे, असं का होतं?’

बारशाला ठकूआत्याने ते उचललं आणि बायका हुंदके देऊन रडल्या. पदराने डोळे पुसत एकजण म्हणाली, ‘‘थोरल्याच्या वरताण केलास रे पोरा!’’ भाऊ गेल्यापासून धाकट्याला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं. त्या रात्री तो झोपला.

वहिनी मात्र रडली नव्हती. बाराव्या कडव्याला तिच्या हातातली दोरी थांबली होती. मुलीचं नाव मंजुळा ठेवलं, पेढे वाटले, बायका गेल्या. मग ती म्हणाली, ‘‘भावजी, ते शेवटचं कडवं काढा.’’

‘‘का? खोटं आहे का ते?’’

‘‘खरं-खोटं मी म्हणत नाही. पण तिला विचारलंय तुम्ही. ती सव्वा महिन्याची आहे.’’

‘‘अहो, गाणं आहे ते! तिला कुठे कळतंय?’’ धाकटा एकदम ओरडला. ‘‘माझा भाऊ गेलाय, वहिनी. मी कुठे बोलायचंच नाही का?’’

वहिनी म्हणाली, ‘‘आणि माझं कोण गेलं?’’

यावर तो पाय आपटत निघून गेला. आणि तसंही, गायलेला पाळणा परत घेता येत नव्हताच.

दिवस गेले. वर्षं गेली. धाकटा बांबू तोडायचा, सुपं विणायचा, वहिनीला आणि मंजुळाला काही कमी पडू द्यायचा नाही. पण त्याचा जीव कशात लागत नव्हता. काम संपलं की तो भिंतीला टेकून बसून राही. अंगात ताप नसताना ताप असल्यासारखं त्याला वाटे.

बारावं कडवं तेवढं फिरत राहिलं. चाल गोड होती आणि रडायला बरं होतं. गावात कुठेही पाळणा हलला की बायका ते म्हणत. म्हणता म्हणता एक गोष्ट झाली. धाकट्याने गाण्यात प्रश्न घातला होता, आणि लोकांनी तो मनातल्या मनात सोडवला. आधी कुणीतरी विहिरीवर म्हणालं, ‘‘खरंच की, ही आली आणि तो गेला.’’ मग कुणी म्हणालं, ‘‘पायगुण असतो बाई एकेकाचा.’’ म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्याच बायका मंजुळाला बोलावून हातावर गूळ ठेवत. पण घरात लहान मूल असलं की तिला ओट्यावरूनच गूळ देत.

मंजुळा पाच वर्षांची झाली. शेजारच्या आळीत एक बारसं होतं. बाळाला पाळण्यात घातलं की गावातल्या लहान मुलींनी ओळीने एकेक झोका द्यायचा असे. मंजुळाही नवा परकर नेसून ओळीत उभी राहिली. तिची पाळी आली. बाळाच्या आजीने पुढे होऊन तिचा हात धरला.

‘‘तू नको गं. तू मागं उभी राहा, हां? शहाणी ना तू?’’

तेवढ्यात ठकूआत्याने बारावं कडवं धरलं.

धाकटा अंगणात कामट्या सोलत होता. मंजुळा येऊन त्याच्याजवळ बसली. मग म्हणाली, ‘‘काका, मी बाबांना काय केलं?’’

‘‘तू? तू काय करणार? काही नाही केलंस.’’

‘‘मग गाण्यात का आहे?’’

धाकट्याचा हात थांबला.

‘‘ते गाणं कुणी केलं?’’ तिने विचारलं.

‘‘मी केलं.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘तू मला विचारलंयस ना त्यात, सांग गं बाळे म्हणून? पण काका, मला नाही सांगता येत. मी तेव्हा खूप लहान होते.’’

ती रागाने म्हणाली नाही. आपल्याला उत्तर येत नाही म्हणून तिला वाईट वाटत होतं.

धाकट्याने कोयता खाली ठेवला आणि तडक ठकूआत्याचं घर गाठलं. ‘‘आत्या, ते बारावं कडवं आजपासून बंद.’’

आत्या सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही. ‘‘कुणाचं बंद?’’

‘‘माझं. मी रचलंय.’’

‘‘रचलंस, आणि गावाला दिलंस. आता ते बायकांच्या जिभेवर बसलंय. जिभा कापत फिरणार आहेस का? तर जा, माझ्यापासून सुरुवात कर.’’ असं म्हणून तिने खरोखर जीभ बाहेर काढून दाखवली.

‘‘आत्या, पोरीला पाळण्याला हात लावू दिला नाही आज.’’

आत्याचं पाखडणं थांबलं. तिने जीभ आत घेतली. ‘‘मला दिसलं नाही रे. मी डोळे मिटून गाते.’’ सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, ‘‘म्हणू नका सांगून गाणं जात नसतं, बाळा. याच्याहून गोड दुसरं आणून दे. ते जिभेवर बसलं की हे आपोआप उठेल.’’

धाकटा घरी आला आणि पुन्हा एका दुपारीत कडवं रचून मोकळा झाला. या खेपेला त्याने दोष स्वतःवर घेतला. थोरल्याला पान लागलं त्या दिवशी बांबू तोडायला जायची पाळी त्याची होती. तो झोपून राहिला होता. थोरल्याने हाक मारली तेव्हा ‘उद्या जातो’ म्हणून त्याने कूस बदलली होती. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते सगळं त्याने कडव्यात घातलं, ‘झोपला काका, बाप गेला रानी,’ असं. आणि वहिनीला म्हणून दाखवलं.

वहिनीने ऐकून घेतलं. ‘‘मला ठाऊक आहे ते,’’ ती म्हणाली. ‘‘मी जागवत होते तुम्हाला. हेच म्हणाले, दमलाय तो, झोपू दे.’’

वहिनीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

‘‘पण हेही नको, भावजी. हे ऐकत ती मोठी होईल आणि रोज तुमच्या तोंडाकडे बघेल. तिला एक काका आहे, तोही असा करून द्यायचा का?’’

‘‘मग काय घालू? खरं घालायचं नाही, खोटं घालायचं नाही!’’

‘‘पहिलं तुम्ही रागाला वाट द्यायला केलंत. हे पश्चात्तापाला वाट द्यायला केलंत. दोन्हींत तुम्हीच आहात. पाळणा तिचा आहे ना?’’

या वेळी तो पाय आपटत गेला नाही. पाय आपटायचंही त्राण नव्हतं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, ‘‘दादाने ते चार दिवस काय केलं, वहिनी? मला काहीच आठवत नाही.’’

वहिनी सांगू लागली. पहिल्या दिवशी त्याने बाळाची मूठ आपल्या अंगठ्याशी मापून बघितली. दुसऱ्या दिवशी छपरावर कावळा ओरडला, बाळ दचकलं, तर हा पठ्ठ्या शिडी लावून कावळ्याच्या मागे वर चढला. तिसऱ्या दिवशी तिला मांडीवर घेऊन बसला आणि पाय बधिर झाला तरी उठला नाही. चौथ्या दिवशी डोंगराकडे बघून म्हणाला, पिवळाधमक बांबू आणतो, तिच्यासाठी.

सांगताना वहिनी एकदा हसली. पाच वर्षांत धाकट्याने तिला हसताना बघितलं नव्हतं.

चार दिवसांची चार कडवी जुळायला चार महिने लागले. पाचव्या दिवशी तो अडला. तिथे मरणाचा शब्द यायला हवा होता. त्याने ‘सोडून गेला’ असं घातलं.

‘‘सोडून नाही गेले,’’ वहिनी म्हणाली. ‘‘सोडून जातो त्याला जायचं असतं. हे बांबूला गेले होते.’’

मग ‘हरपला’ घालून बघितलं. ते पाच वर्षांच्या पोरीला कळलं नाही. ‘म्हणजे कुठे हरवले?’ असं तिने विचारलं. अखेर त्याने वहिनीचाच शब्द ठेवला. पाचव्या दिवशी बाप बांबूला गेला. एवढंच. ज्याला माहीत आहे त्याला कळतं, आणि ज्याला झोपायचं आहे त्याची झोप मोडत नाही.

सहाव्या दिवसापासून पुढे घरात बाप नव्हता. मग कोण होतं? धाकटा दारोदार विचारत फिरला. चूल पेटली नव्हती तेव्हा भाकरी कुणी आणली, बाळाला कुणी न्हाऊ घातलं, वहिनीला दूध येईना तेव्हा शेळीचं दूध घेऊन कोण आलं. आठवड्यामागून आठवडे तो हेच करत होता. लोक म्हणत, याला लागलंय वेड.

शेळीवाल्या बाईला त्याने विचारलं, ‘‘‘दूध दिलं’ असं घालू का?’’

ती म्हणाली, ‘‘नको रे. ‘दिलं’ म्हटलं की उपकार केल्यासारखं वाटतं. ‘आणलं’ म्हण.’’

ठकूआत्याला त्याने म्हणून दाखवलं, ‘सातव्या दिवशी म्हातारी आली, बाळीची अंघोळ ऊन ऊन झाली.’

‘‘म्हातारी कुणाला म्हणतोस रे मुडद्या?’’

‘‘बरं, मग ‘आत्या ती आली’.’’

‘‘हां. आणि नुसतं ऊन पाणी नव्हतं. हळद लावली होती मी. ते घाल.’’

‘‘बसत नाही आत्या चालीत.’’

‘‘बसव. पाच वर्षं काय चुकीचं गात होते मी, ते फेडू दे की मला.’’

त्याने बसवलं. त्या एका हळदीपायी दोन ओळी मोडून पुन्हा बांधाव्या लागल्या.

बारावं कडवं सगळ्यांत शेवटी झालं. रोज एखादा शब्द ठेवायचा आणि तो मंजुळाकडे बघत म्हणायचा. तिच्या तोंडाकडे बघून जो म्हणवत नसे तो काढून टाकायचा. असे किती शब्द गेले त्याची गणती नाही. उरले ते असे:

‘बाराव्या दिवशी जमला गाव,
कानात सांगितलं मंजुळा नाव.
बापाच्या बांबूचा पाळणा हले,
ज्याचा हात लागे त्याचे होई भले.’

पुढच्या बारशाला ठकूआत्याने डोळे उघडे ठेवून ते म्हटलं. बायकांना आपापलं कडवं ऐकायचं होतं. ‘‘माझी भाकरी कधी येते गं?’’ म्हणून एकीने दुसरीला कोपर मारलं. शेळीवाली तर आपलं कडवं दोनदा म्हणा म्हणून हटून बसली. बाळाच्या आजीने इकडेतिकडे बघितलं, मंजुळाला पुढे बोलावलं आणि तिचा हात पाळण्याच्या कडेवर ठेवला. त्या वर्षात गावातून जुनं कडवं उठलं.

पण गावातून गेलेल्या लेकी होत्या. त्यांनी जुनंच सात गावांत नेलं होतं.

धाकटा टोपल्या विकायला परगावी जाई, तिथे ते त्याच्या कानावर पडे. मग तो टोपल्या खाली ठेवून ओट्यावर बसे आणि नवी बारा कडवी शिकवी. बायका तोंडाला पदर लावून हसत. ‘‘ऐका गं, बाप्या पाळणा शिकवायला आलाय!’’ काही शिकत. काही म्हणत, ‘‘जुनंच बरं. रडू येतं छान.’’ तिथे तो पुन्हा जाई. पाय भेगाळले. केस अवेळी पिकले. एका गावातून उठलेलं कडवं दुसऱ्या गावात कुणीतरी म्हणतच असे. सात गावं करता करता तीन वर्षं गेली.

सातवं गाव फार लांब होतं. तिथे एका घरात एक म्हातारी सहा महिन्यांच्या नातवाला झोपवत होती. ‘तू आलास अन् बाप का नाही,’ असं तिने मुलाच्या मापाचं करून घेतलं होतं. तिचा मुलगा दगडाच्या खाणीत दगावला होता. चुलीपाशी सून बसली होती, पाठमोरी. प्रत्येक ओळीला तिची पाठ आणखी वाकत होती.

धाकटा दारात उभा राहिला. नवी बारा कडवी त्याला तोंडपाठ होती. पण ती म्हणायला त्याचं तोंड उघडेना. त्यांत मंजुळाचा बाप होता. या बाळाचा नव्हता.

‘‘सूप घ्यायचंय का?’’ असं विचारत तो ओट्यावर टेकला. मग म्हणाला, ‘‘आजी, याच्या बापाने याच्यासाठी काय केलं होतं?’’

‘‘काय करतोय तो? हा पोटात असतानाच गेला,’’ म्हातारी तोडून बोलली.

चुलीपाशी बसलेली सून न वळता म्हणाली, ‘‘झबलं आणलं होतं.’’

‘‘हो, आणलं होतं खरं,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘एवढं मोठं! दोन वर्षांच्या पोराला येईल असं. मी म्हटलं, अरे गाढवा, लेकरू केवढं असतं ते तरी बघायचं! तर म्हणतो कसा, वाढेल की, आई.’’ आणि ती हसता हसता रडायला लागली.

‘‘मग तेच म्हणा की त्याला,’’ धाकटा म्हणाला.

‘‘मला कुठलं येतं रचायला?’’

‘‘मी बसतो.’’

तो तिथे तीन दिवस बसला. शब्द त्याने दिले नाहीत. म्हातारी एक घालायची, सून नाही म्हणून मान हलवायची, मग म्हातारीच तो काढून दुसरा घालायची. ‘गेला’ काढला, ‘बिचारा’ काढला, ‘पोरका’ काढला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी मिळून म्हणू लागल्या:

‘मोठंसं झबलं आणलंय बापानं,
वाढ रे बाळा, येईल मापानं.’

सून आता पाळण्याकडे तोंड करून बसली होती. धाकटा थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग उरलेल्या टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि कुणाला न सांगता वाटेला लागला. त्या गावात जुनं कडवं म्हणणारं आणखी कुणी नव्हतं. वहिनी आणि मंजुळा यांच्यासाठी त्याला जे करायचं होतं, त्यातलं हे शेवटचं होतं, आणि ते झालं होतं.

तात्पर्य एवढंच: गाण्यात शब्द घालताना आपलं मन हलकं झालं की काम झालं असं समजू नये, ज्याच्या कानात तो शब्द राहणार आहे, त्याला तो जन्मभर पेलेल का, हे आधी त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं.